रोड नंबर सोळाच्या मागं

गाडी आधी दिसत नाही.
आधी दिसते ताडपत्री,
तिच्यावर वाळत टाकलेली कुणाचीतरी गोधडी,
खाली व्यालेली मांजर.
मग चाकाचा चतकोर, मातीत रुतलेला,
आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर.

बावीस वर्षं हेच करतोय.
बाळकूमला गोठ्यात मॉरिस सापडली, मागच्या सीटवर पेंडीची पोती.
कळव्यात अँबॅसॅडरच्या डिकीत मखर ठेवायचे,
म्हणाले, न्या की, पण अनंत चतुर्दशीनंतर.
सगळे सांगतात, नुसती बॅटरी टाका, पळेल.
इंजिन उचलून नेलेलं असतं, तरी सांगतात.

ही वागळे इस्टेटमधली.
नटबोल्टचा बंद कारखाना, शेडचा एक पत्रा उडालेला,
आणि त्या चौकोनी उजेडात
स्टँडर्ड हेराल्ड. दोन दारांची.
रंग मोरपंखी असावा एकेकाळी,
आता फक्त दाराच्या आतल्या कडेला उरलाय,
नखानं धूळ खरवडली की कळतो.

हेमलताबाई कर्णिक पाचपाखाडीहून रिक्षानं आल्या,
किल्ली रुमालात बांधून.
"यांची," म्हणाल्या.
बऱ्याच वेळानं पुढचं:
"एक्क्याण्णव साली बंद पडली. गॅसकेट गेली.
दुकानदार म्हणाला चार दिवसांत येते.
आलीच नाही हो. हिचं सामान मिळतंय कुठं.
पण हे दर रविवारी यायचे, अगदी गेल्या मार्गशीर्षापर्यंत.
गाडीचं काम काढलंय म्हणायचे.
थर्मास भरून द्यायचे मी."

इनासनं बॉनेट उचललं.
हेराल्डचं अख्खं तोंडच पुढं कलंडतं,
पुढच्या चाकावर बसून इंजिनाशी बोलता येतं.
तो बसला. बोट फिरवलं, वास घेतला.
"हिला कुणी हात लावला नाय," माझ्यापुरतं पुटपुटला,
"एक बोल्ट ढिला नाय."

मी आत शिरलो.
तळ गंजून गळालेला, भोकातून नेचा वर आलेला.
शेजारची सीट कोरी, शिवण न् शिवण जागेवर.
ड्रायव्हरची मात्र खोल बसलेली,
एकाच माणसाच्या मापाची, डावीकडं जरा कललेली.
मीटर थांबलाय एकसष्ट हजार चारशे बारावर.
सीट त्यानंतर झिजलीय.

ग्लोव्ह बॉक्स स्क्रूड्रायव्हरनं उचकटला.
शब्दकोड्यांची कात्रणं, पेन्सिलीचं थोटूक,
एक बशी,
आणि खाली तपकिरी कागदाचं पुडकं, सुतळीची गाठ तशीच.
वर शाईनं: हेराल्ड, हेड गॅसकेट, १ नग.
पावती टाचलेली. एक्क्याण्णव सालची.

इनासनं वाचलं. मी वाचलं.
बाहेर बाई चपलेच्या टोकानं
शेवाळलेल्या नटांचा ढीग उकरत होत्या.
"मिळेल ना ती आता कुठं?
ते नेहमी म्हणायचे, ती मिळाली की तुला अलिबागला नेतो."
इनास माझ्याकडं बघेना.
"बघू," मी म्हणालो, "मिळते कधी कधी."
पुडकं परत कात्रणांखाली सरकवलं,
झाकण अंगठ्यानं दाबलं.
त्यांनी सांगितला तो आकडा दिला.
घासाघीस करणारा माणूस मी,
त्या दिवशी जीभ उचलली नाही.

क्रेननं गाडी उचलली तेव्हा
खाली चार कोरडे ठसे,
आणि ड्रायव्हरच्या दाराशी जमीन काळी, मऊ.
कपाचा तळ रिकामा करायची एकच जागा, एवढी वर्षं.
बाईंनी पाहिलं का, माहीत नाही.
त्या किल्लीचा रुमाल घडी करत होत्या.

आता गाडी इनासच्या अंगणात, कोपरीला.
यादी केली: तळ, ब्रेक, वायरिंग, रबरं, काचा.
"सीटा?" त्यानं विचारलं.
म्हटलं, उजवी राहू दे तशीच.
"आनि चालवनार कोन? तू?
बसशील तर डावीकडं कलशील."